रविवारची दहा मिनिटं

सायलेन्सरच्या तोंडाशी एक थेंब जमायचा. एंजिन सुरू केल्यावर थोड्या वेळानं नळीची खालची कड ओलसर दिसायला लागायची, मग तिथे पाणी गोळा होऊन लोंबायचं, आणि गाडीच्या थरथरीनं आधी लांबट, मग गोल, पुन्हा लांबट होत अखेर सुटायचं. खाली पार्किंगच्या सिमेंटवर नाण्याएवढा डाग पडायचा, कडेनं काजळीची बारीक रेघ असलेला. दहा मिनिटं झाली की क्रांती किल्ली फिरवून एंजिन बंद करायची आणि शेवटचा थेंब पडतो की तसाच राहतो हे बघायला मागे जाऊन उभी राहायची. बहुतेक वेळा तो तसाच राहायचा.

त्यात कुतूहल वाटावं असं काही नव्हतं. पेट्रोल जळलं की पाणी होतं, आणि गार नळीत वाफेचं पुन्हा पाणी होतं. क्रांतीनं आयुष्यभर रसायनशास्त्रच केलं होतं. महाप्याच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीची प्रयोगशाळा तिच्या ताब्यात होती. तिची सही झाल्याशिवाय गोळ्यांची एकही खेप फाटकाबाहेर पडत नसे. तरी दर रविवारी सकाळी नेरूळच्या त्या सोसायटीत ती वाकून तो थेंब बघायचीच. त्या दहा मिनिटांत दुसरं बघण्यासारखं काही नसायचं.

"काय क्रांतीताई, बाळाला ऊन दाखवून झालं का?" तळमजल्यावरचे काका दूध आणायला निघताना हटकून विचारायचे.

"झालं."

"कधीतरी फिरवून पण आणा. कोंडून ठेवलं की पोरं बिघडतात."

ती हसायची. काकांच्या मनात काही नसायचं. त्यांना सकाळी कुणाशी तरी दोन शब्द बोलायचे असत, आणि तिलाही ते दोन शब्द पुरत. पुष्कळदा दिवसभरात तेवढेच असत.

गाडी दोघांनी मिळून घेतली होती, तिनं आणि नागसेननं. कागदावर नाव मात्र तिचं, कारण तेव्हा कायमची नोकरी तिचीच होती आणि नागसेन कंत्राटावर होता. तो इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. प्रयोगशाळेतल्या तराजूची अचूकता तपासायला पहिल्यांदा आला तेव्हा क्रांतीनं त्याच्या मागे उभं राहून त्याला सगळी वजनं पुन्हा ठेवायला लावली होती, आणि तो चिडला नव्हता. लग्न त्यावरच ठरलं म्हणायला हरकत नाही. मूल झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी केलं, पण वेगवेगळ्या वर्षी. मग ओमानमधली नोकरी आली. दोन वर्षांसाठी म्हणून तो गेला आणि आता नऊ वर्षं होत आली होती.

सुरुवातीला तो वर्षातून दोनदा यायचा, मग एकदा. मग रजा मिळेना, मग साथ आली, आणि साथ गेल्यावर न येण्याची सवय उरली. शेवटचा आला त्याला तीन वर्षं झाली. तेव्हा तो सोफ्यावर पाय जवळ घेऊन बसायचा, पाहुणा बसतो तसा. एकदा जेवताना त्यानं विचारलं, "चमचे कुठे ठेवतेस आता?" चमचे होते तिथेच होते. तिनं उठून आणून दिले.

त्यांचं भांडण कधी झालं नाही. अडचण तीच होती. भांडण असतं तर त्याचं एखादं टोक हाती लागलं असतं आणि तिथून ओढता आलं असतं. इथे सगळं गुळगुळीत होतं. दर शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी त्याचा फोन यायचा.

"गाडी चालू केलीस ना रविवारी?"

"केली."

"दहा मिनिटं?"

"दहा मिनिटं."

"एसी नाही ना लावलास? बॅटरीवर लोड येतो."

"नाही लावला."

मग तिकडचं ऊन, इकडची हवा, जेवलीस का, आणि ठेवतो. दोन वर्षांपासून क्रांतीच्या मनात एक वाक्य तयार होतं: आपण वेगळे होऊ या. त्यात राग नव्हता. पुष्कळ विचार करून, एकेक शब्द तोलून तिनं ते एवढंसं केलं होतं. दर शुक्रवारी ते घशापर्यंत यायचं, आणि तेवढ्यात नागसेन बॅटरीबद्दल काहीतरी विचारायचा. बॅटरीच्या प्रश्नाला उत्तर देणं सोपं असे.

या डिसेंबरात गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. नोंदणी संपणार, ती वाढवायची तर आरटीओला गाडी दाखवावी लागणार. नागसेनला ते तिच्या आधी आठवलं.

"चांगल्या गॅरेजला नेऊन वरपासून खालपर्यंत तपासून घे," तो फोनवर म्हणाला. "धड असेल तर नोंदणी वाढवू. मार्चमध्ये मी येतोच आहे. कायमचा. आलो की गाडी लागेल."

"आणि धड नसेल तर?"

"तर भंगारात. पण असणार गं. दर आठवड्याला चालू करतेस ना तू?"

फोन ठेवल्यावर क्रांतीनं स्वतःशी एक करार केला, आणि तो केल्याची तिला लाजही वाटली. गाडी धड निघाली तर नोंदणी वाढवायची, मार्चची वाट बघायची आणि ते वाक्य कायमचं गिळून टाकायचं. गाडी गेली असेल तर ते वाक्य बोलायचं. दुसऱ्या कुणी असा कौल लावला असता तर ती गप्प राहून मनात हसली असती. पण दोन वर्षं जे स्वतःला ठरवता येत नव्हतं ते निदान कुणावर तरी सोपवता येत होतं.

कंपनीला सुट्टी असलेल्या शनिवारी सकाळी तिनं गाडी बाहेर काढली. गॅरेज सानपाडा गावात होतं. प्रयोगशाळेतल्या एकानं सांगितलेलं. तिच्याकडे लायसन्स होतं, पण नागसेन असताना तोच चालवायचा आणि तो गेल्यावर तिला कंपनीची बस होती. सीट त्याच्या मापानं मागे सरकवलेली होती. तो उंच. क्लचपर्यंत पाय पोचावा म्हणून क्रांती नेहमी सीटच्या टोकावर बसायची, पाठ टेकायची नाही. दहा मिनिटांपुरतं ते चालून जायचं. आज तिनं सीटखालची दांडी ओढून पाहिली. दांडी उचलली गेली, सीट जागची हलली नाही.

मग ती तशीच निघाली, पाम बीच रोडला न जाता जुईनगरवरून, आतल्या रस्त्यानं. पहिल्याच वळणाला लक्षात आलं की चाकं गोल राहिलेली नाहीत. एकाच जागी वर्षानुवर्षं उभी राहून टायरांना खाली सपाट जागा पडल्या होत्या, आणि प्रत्येक फेऱ्याला धप्, धप् असा आवाज येत होता. वेग वाढला की आवाजही भरभर. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, बाजूनं जाताना डोकं बाहेर काढून "ओ मावशी, वरात हाय का?" म्हणाला आणि निघून गेला. क्रांतीनं स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. पण गिअर बदलताना डावा हात आपोआप योग्य जागी गेला, आणि तिला नवल वाटलं की एवढं अजून शिल्लक आहे.

गॅरेज केतन नावाच्या माणसाचं होतं. गावातली त्याची स्वतःची चार मजली इमारत. वर भाडेकरू, खाली गॅरेज, गाडी उचलायची लिफ्ट, भिंतीवर गावदेवीचा मोठा फोटो आणि त्याखाली त्याचे स्वतःचे, कबड्डीतल्या ढालींसह. बोलणं थांबवणं त्याला जमत नसावं.

"या मॅडम, या. आवाज कोपऱ्यापास्नं ऐकला. म्हटलं कोनाचा तरी ट्रॅक्टर येतोय." त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. "बाहेरनं एकदम नवरी. किती चालली?"

क्रांतीनं आकडा सांगितला. केतननं पुन्हा विचारला. मग काचेतून वाकून मीटर बघितला.

"पंधरा वर्षांत एवढीच? माजी पोरगी सायकल जास्त चालवते."

"सगळं तपासायचंय," क्रांती म्हणाली. "एकही गोष्ट सोडायची नाही. काय आहे ते स्पष्ट सांगायचं."

"टेन्शन नका घेऊ. आमी गोड बोलून सांगत नाय. दुपार होईल पन."

"चालेल. मी थांबते."

केतनची आई, बयाबाई, गॅरेजच्या कडेला उन्हात खुर्ची टाकून सुपात सुका जवळा निवडत बसली होती. क्रांती उभी आहे हे बघून तिनं पायानंच दुसरी खुर्ची पुढे सरकवली.

"बस गो बाय. उबी ऱ्हाऊन बघितलास तरी गारी लवकर व्हनार नाय."

क्रांती बसली. समोर केतननं बॉनेट उघडलं. हवेच्या फिल्टरचा डबा खोलला तर आत उंदराचं घर निघालं, नारळाच्या शेंड्या आणि कापसाचं, व्यवस्थित गोल केलेलं. "भाडं घेत होता का याच्याकडनं?" केतन म्हणाला. त्यानं ते दोन बोटांनी उचलून बाहेर ठेवलं आणि कुरतडलेल्या दोन वायरी दाखवल्या. बॅटरी मोजली. एंजिन फिरवण्याइतकाही जोर तिच्यात धड नव्हता. सकाळी गाडी सुरू कशी झाली याचंच त्याला आश्चर्य वाटलं. मग त्यानं ऑइलची पट्टी काढून फडक्यावर टेकवली.

क्रांती उठून जवळ गेली. तिनं पट्टी हातात घेतली आणि नाकाजवळ नेली. प्रयोगशाळेत असं करायला सक्त मनाई होती, आणि मनाई करणारी तीच होती.

"पेट्रोल उतरलंय यात," ती म्हणाली.

"नाक भारी हाय तुमचं."

"एंजिन गार असताना पेट्रोल जास्त जातं, सगळं जळत नाही. उरलेलं ऑइलमध्ये उतरतं. गाडी लांब चालली तर तापून उडून जातं." बोलता बोलता ती थांबली. हे वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं, ते तिचं तिलाच सुचत होतं, आणि पुढे कुठे जाणार तेही दिसत होतं.

केतननं गाडी लिफ्टवर चढवून वर उचलली. "खाली या मॅडम, डोकं सांभाळून."

आपल्या गाडीचं पोट क्रांतीनं कधी पाहिलं नव्हतं. केतन टॉर्चच्या उजेडात एकेक दाखवत गेला: मागचे ब्रेक गंजून आवळलेले, रबरी बुश भेगाळलेले, टायरच्या आतल्या बाजूला बारीक चिरा. मग तो सायलेन्सरपाशी आला. सायलेन्सर बाहेरून चांगला होता, त्याचा रंगही शाबूत होता. केतननं स्क्रूड्रायव्हर उलटा धरून मुठीनं हलकेच ठोकलं, मग टोकानं दाबलं. टोक पत्र्यातून आत गेलं, पापडातून जावं तसं. गंजाचे पापुद्रे गळले आणि पाठोपाठ तपकिरी पाण्याची एक धार केतनच्या बाहीवर आली.

"आयला! टाकी हाय का काय?"

"हे पाणी माझं आहे," क्रांती म्हणाली.

"म्हंजे?"

"दर रविवारी दहा मिनिटं चालू करायचे मी. पार्किंगमध्येच. तेवढ्यात ही नळी तापत नाही. एक-दोन थेंब बाहेर पडतात, बाकीचं आतच राहतं. पुढच्या रविवारी त्यात आणखी. ऑइल तसंच, बॅटरी तशीच. सुरू करायला जेवढी खर्च होते तेवढी दहा मिनिटांत भरत नाही."

"तुमाला म्हायती होतं?"

"रसायन माहीत होतं. गाडीला लावून बघितलं नव्हतं."

"मग कशाला करायचे?"

"तसं सांगितलेलं होतं."

केतननं खांदे उडवले. "सगळेच करतात. लोकांना वाटतं, चालू ठेवली म्हंजे सांभाळली. आमची आय पन माज्या स्कूटरला रोज किक मारायची, मी पुन्याला होतो तवा."

"मारायचे! नायतर चोरांना समजला असता तू घरान नाय," बयाबाई सुपावरून मान वर न करता म्हणाली.

क्रांती पुन्हा खुर्चीत येऊन बसली. थेंब ती इतकी वर्षं बघत आली होती. पडला की राहिला तेवढंच बघत आली होती. न पडलेलं पाणी कुठे जातं, हा प्रश्न तिच्यासारखीला पहिल्या आठवड्यात पडायला हवा होता. प्रयोगशाळेत लिहिलेली पद्धत कुणी आपल्या मनानं बदलत नाही. पद्धतच चुकीची आहे असं वाटलं तर तसं वर कळवायचं असतं. नऊ वर्षांत तिनं काही कळवलं नव्हतं. वर कोण होतं, तेच कधी तपासलं नव्हतं. आणि तरी, गंजाच्या पापुद्र्यांकडे बघताना तिला वाईट वाटत नव्हतं. उलट हलकं वाटत होतं. गाडी गेली होती. म्हणजे आता ते वाक्य बोलायचं होतं.

बयाबाईनं आतून चहा आणला, साखर भरपूर घातलेला.

"घरवाला नाय आला तो?"

"ते ओमानला असतात. आखातात."

"कवा येनार?"

"मार्चमध्ये."

बयाबाईनं सुपातला एक खडा वेचून फेकला. "कंचे मार्चला?"

क्रांतीनं मनात मागे मोजून पाहिलं. गेल्या वर्षीही मार्चच होता. त्याच्या आधी दिवाळी.

"माजा मिठागरावं व्हता," बयाबाई म्हणाली. "पाय असं फुटलेलं. रोज भांडाचा. कालवनान मीठ कमी, कालवनान मीठ जास्त. मिठागरावरचा मानूस, त्याला मीठ काय कलनार सांग! पन सांजचे दारान उबा व्हायचा. बरा नाय तर वाईट, मानूस दिसाचा तरी."

"आणि आता?"

"आता मीठ माजे मनासारका," म्हणून बयाबाई स्वतःच खूप वेळ हसत राहिली. क्रांतीही हसली, आणि मग चहाचा कप दोन्ही हातांत धरून नुसती बसून राहिली. कुणाच्या शेजारी बसून चहा पिऊन किती दिवस झाले हे ती आठवत होती.

तेवढ्यात केतननं हाक मारली. गाडी खाली उतरली होती. त्यानं स्वतःची बॅटरी लावली होती, चारही प्लग काढले होते आणि हातात कॉम्प्रेशन मोजायचा गेज होता. एंजिनचा दम मोजायची ही शेवटची चाचणी. एकेका सिलिंडरला गेज लावून त्यानं एंजिन फिरवलं आणि आकडे मोठ्यानं वाचले. चारही आकडे जवळजवळ सारखे, आणि चांगले.

"टकाटक!" केतननं गेज हवेत नाचवला. "एंजिनला काय पन झालेलं नाय, मॅडम. ऑइल वेळेवर धुतलं तर वाचेल. बाकीचं काय, लोखंड आनि रबर, ते बदलता येतं. सायलेन्सर, ब्रेक, टायर, वायरिंग, बॅटरी टाकू. आरटीओला मी सोता नेतो. पास म्हंजे पास. अजून दहा वर्षं हिला मरन नाय."

क्रांतीला बरं वाटायला हवं होतं. निदान कुणी बघत असेल तर तसं दिसायला हवं होतं. तिला मात्र दिसत होतं ते पुढचं. मार्च. सोफ्यावर पाय जवळ घेऊन बसलेला नागसेन. शुक्रवार.

"तिसरा सिलिंडर थोडा कमी होता," ती म्हणाली.

"तिसरा? काटा जरासा इकडंतिकडं होतोच."

"परत लावून बघता?"

केतननं परत लावला. आकडा तोच आला.

"गेज नीट बसला नसेल. आणखी एकदा."

आणखी एकदा लावला. या वेळी आकडा केसभर जास्तच आला. केतननं गेज काढून फडक्याला पुसला आणि मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं.

"एक विचारू, मॅडम? गाडी पास करायचीय का नापास?"

तो गंमतीनंच म्हणाला होता, म्हणून हसलाही. क्रांती हसली नाही. तिला तेजश्री आठवली. तेजश्री प्रयोगशाळेतली सगळ्यात नवी मुलगी. गोळी पाण्यात किती वेळात विरघळते ते मोजताना आकडा मर्यादेबाहेर गेला, म्हणून तिनं कुणाला न सांगता तीच चाचणी पुन्हा लावली होती, आणि मग पुन्हा. क्रांतीनं तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. आवाज चढवला नव्हता. मनासारखा आकडा येईपर्यंत चाचणी करत राहिलीस तर तू गोळी तपासत नाहीस, असं म्हणाली होती. आकडा नकोसा वाटला ना, मग आधी स्वतःला विचार, तुला कोणता हवा होता.

तेजश्रीला निदान आकडा चांगला यायला हवा होता.

क्रांती गाडीच्या दाराला हात टेकून उभी राहिली. करार तिचा तिनंच केला होता. गाडी धड निघाली होती. कराराप्रमाणे आता वाट बघायची होती. आणि तिनं काय केलं होतं, तर धड एंजिनला नापास करायला एका परक्या माणसाला आणखी दोनदा गेज लावायला लावला होता. उत्तर आत्ता मिळालं असं नव्हतं. ते तिच्याकडे दोन वर्षांपासून होतं, ती फक्त त्यावर दुसऱ्या कुणाची तरी सही शोधत होती.

"पास करा," ती म्हणाली.

"शंभर टक्के?"

"हो. सगळं काम करून टाका. सायलेन्सर, ब्रेक, टायर, सगळं. मी चालवणार आहे."

"आत्ता कसं बोललात!"

"आणि सीट बघा. पुढे सरकत नाही."

केतन दार उघडून वाकला. गंजलेल्या पट्टीवर त्यानं तेल मारलं, थोडं थांबला, मग दांडी ओढून सीटला गुडघ्यानं एक धक्का दिला. काही झालं नाही. "कोन बसायचं हिच्यावर, अमिताभ?" म्हणत त्यानं दुसरा दिला, आणि कट् असा आवाज होऊन सीट सरकली. "या, बसून बघा."

क्रांती बसली. तिनं एकेक खाच पुढे घेतली. क्लच पूर्ण दाबून पाहिला. पाठ मागे टेकली. या जागेवरून आरसा चुकीचा दिसत होता. तिनं तोही फिरवून घेतला. आता त्यात मागची काच दिसत होती, आणि काचेतून सूप घेऊन घरात जाणारी बयाबाई.

फोन वाजला. नागसेन. तिकडे शुक्रवारसारखी शनिवारीही त्याला सुट्टी असे; दुपारी विचारतो असं तो म्हणालाच होता. केतन प्लग परत बसवायला बॉनेटकडे वळला. क्रांतीनं गाडीचं दार ओढून घेतलं.

"काय म्हणाला गॅरेजवाला?"

"एंजिन चांगलं आहे," ती म्हणाली.

"बघ! मी म्हणत नव्हतो? दर आठवड्याला चालू केली की टिकते. बाकी?"

"बाकी पुष्कळ खराब आहे. सायलेन्सर आतून सडलाय. ऑइलमध्ये पेट्रोल उतरलंय. दहा मिनिटांनी झालं ते, नागसेन. दहा मिनिटं पुरत नाहीत. न चालवता नुसती चालू ठेवली, त्यानं."

"असं म्हणाला तो? ठकवतोय गं तुला. दुसऱ्या गॅरेजला दाखव. वाशीला एक आहे, मी नंबर पाठवतो. परत एकदा तपासून घे."

"परत नाही तपासणार."

"अगं, एकाच्या बोलण्यावर—"

"त्यानं नाही सांगितलं. मी बघितलं."

तिकडे पाठीमागे टीव्हीचा आवाज होता, कुठल्या तरी सामन्याचा. मग तो नेहमीच्या समजूतदार आवाजात म्हणाला, "बरं. तुला वाटतं तर कर काम. नाहीतरी मार्चमध्ये आलो की मी बघतोच सगळं."

"कोणत्या मार्चमध्ये?"

तिनं ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच उत्तर हवं होतं, आणि तिनं त्यासाठी वेळ दिला. टीव्हीचा आवाज बंद झाला. मग नागसेननं अगदी हळू विचारलं, "नवी बॅटरी किती ॲम्पियरची टाकणार आहे तो?"

क्रांतीनं पाठ सीटला नीट टेकली. पाय क्लचवर होता, पूर्ण पोचलेला.

"बॅटरीचं तो बघेल," ती म्हणाली. "गाडी मी ठेवते आहे, मी चालवणार आहे. आणि नागसेन, ऐक, मध्ये बोलू नकोस. आपण वेगळे होऊ या."